काळ्या मातीवरचे घर: खचलेला पाया आणि खिळखिळे खांब कसे सावरायचे

वैशाखात भिंतीच्या भेगेत पाच रुपयांचे नाणे उभे शिरते आणि पोळ्यापर्यंत तीच भेग इतकी मिटते की पोस्टकार्डही जात नाही. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा या तापीकाठच्या पट्ट्यात हे दर वर्षी घडते. दिवाळीच्या रंगकामाआधी गवंडी त्या भेगेत सिमेंट भरतो आणि पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सिमेंटच्या शेजारी नवी भेग दिसते. दोष गवंड्याच्या हाताचा नसतो. भेग भिंतीत दिसत असली तरी हालचाल पायाखालच्या मातीत चाललेली असते, आणि मातीला हलवते पाणी. म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवायचा: आधी मोजणी, मग पाणी, मग टेकू, आणि काँक्रीट सर्वांत शेवटी. बहुतेक घरमालक काँक्रीटपासून सुरुवात करतात आणि तिथेच पैसा वाया जातो.

माती नेमके काय करते

काळी कापसाची जमीन पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. ही हालचाल जमिनीच्या वरच्या तीन ते साडेतीन मीटरांत, म्हणजे दहा-अकरा फुटांत होते. त्याखाली ओलावा वर्षभर जवळपास सारखा राहतो. आपल्याकडच्या जुन्या घरांचे पाये तीन-चार फुटांवर संपतात, म्हणजे ते नेमके हलत्या थरात बसलेले असतात.

घराच्या मधोमध छताखालची माती ऊन खात नाही, म्हणून ओलसर राहते. बाहेरच्या भिंतींखालची माती मात्र ४५ अंशांच्या उन्हात वाळून आकसते. कडा खाली जातात, मध्य जागेवर राहतो. उन्हाळ्यात बाहेरच्या भिंती बाहेरच्या अंगाला कलतात आणि वरच्या बाजूला रुंद, खाली निमुळत्या भेगा पडतात त्या यामुळे. भेग उलटी, म्हणजे खाली रुंद आणि वर निमुळती असेल, तर भिंतीचा मधला भाग खचतो आहे असे समजा. तिथे बहुधा फुटलेला पाइप, धान्याचे जुने पेव (जमिनीतले कोठार) किंवा बुजवलेली विहीर निघते.

तिरक्या भेगेवरून खचलेली जागा शोधायची सोपी खूण आहे. भेगेला काटकोनात एक रेघ मनातल्या मनात खालच्या बाजूला ओढा. ती जिकडे जाते, तिकडचा पाया बसलेला असतो. खिडकीच्या कोपऱ्यापासून निघून घराच्या कोपऱ्याकडे वर चढत गेलेली भेग म्हणजे तो कोपरा खाली गेला आहे.

सगळा खानदेश एकसारखा नाही, हेही ध्यानात ठेवा. साक्री, नवापूरकडे बऱ्याच ठिकाणी चार-पाच फुटांवर मुरूम किंवा खडक लागतो. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात मात्र खोल खणूनही माती संपत नाही. शेजारच्या तालुक्यात चाललेला उपाय तुमच्या अंगणात चालेलच असे नाही.

आधी वर्षभर मोजा

घर कोसळायच्या बेतात नसेल तर किमान एक वर्ष मोजणीला द्या. प्रत्येक मोठ्या भेगेच्या दोन्ही बाजूंना स्टीलचा एकेक स्क्रू प्लगमध्ये पक्का बसवा, दोघांत साधारण १०० मिमी अंतर ठेवा. डिजिटल कॅलिपरने स्क्रूंच्या डोक्यांमधले अंतर महिन्यातून एकदा, सकाळच्या वेळी मोजून वहीत लिहा. तेवढे जमत नसेल तर भेगेवर पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि त्यावर तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल चालू आहे हे कळते, किती झाली ते मात्र कळत नाही.

दोन नोंदी चुकवू नका: एक आखाजीची, दुसरी पोळ्याची. समजा आखाजीला भेग ६ मिमी होती, पोळ्याला २ मिमी झाली आणि पुढच्या आखाजीला पुन्हा ६ मिमी. ही मोसमी हालचाल. इथे पाण्याचा बंदोबस्त केला की निम्मे काम होते, पायाला हात लावायची गरज बहुधा पडत नाही. पुढच्या आखाजीला तीच भेग ८ किंवा ९ मिमी निघाली, तर पाया दर वर्षी थोडा थोडा बसतो आहे आणि त्याखाली जावे लागणार. पावसाळ्यात उघडते आणि उन्हाळ्यात मिटते असे उलटे दिसले, तर माती फुगून भिंत वर उचलते आहे.

सोबत घराची पातळी घ्या. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांच्या जोत्यावर एकाच पातळीच्या खुणा करा आणि प्रत्येक कोपऱ्यात जोत्याची कड त्या खुणेपासून किती वर-खाली आहे ते लिहा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी मोजणी चुकते, म्हणून पाणी भरताना ती वरपासून खालपर्यंत नीट बघा. भिंतीचा कल ओळंब्याने घ्या. दहा फूट उंचीत एक इंचापेक्षा जास्त कल असेल तर पुढचे सगळे स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखालीच करा.

थांबायला वेळ नसतो अशीही घरे असतात. कॉलमच्या सळया बाहेरच्या अंगाला वाकल्या आहेत, दगडी भिंतीला पोट आले आहे, रात्री लाकडाचा कडकड आवाज येतो, छतातून सारखी माती गळते किंवा घरातली सगळीच दारे एकदम अडकू लागली, यातले काहीही दिसले तर त्या खोल्या रिकाम्या करा आणि टेकू लावायला आजच सुरुवात करा.

मातीची परीक्षा

भिंतीपासून सहा-सात फूट लांब ऑगरने, म्हणजे माती कोरायच्या गिरमिटाने, तीन ते चार मीटर खोल छिद्र घ्या आणि दर अर्ध्या मीटरला नमुना काढून पिशवीत भरा. पायाची खोली पाहायला भिंतीलगत तीन फूट लांब, दोन फूट रुंद एकच खड्डा घ्या. तो पायाच्या तळाशी थांबवा, तळाखाली अजिबात जाऊ नका.

फुगवट्याची साधी चाचणी अशी: कोरडी माती कुटून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. शंभर मिलीच्या दोन मोजनळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम माती घाला. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरून ढवळा आणि २४ तास तसेच ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे १० मिली आणि पाण्यात १७ मिली भरली, तर फुगवटा ७० टक्के. पन्नासच्या वर आकडा गेला की त्या मातीवरचा कोणताही उथळ पाया संशयास्पद समजा. रॉकेल मिळणे आता अवघड आहे, पण माती-परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळा ही चाचणी करून देतात. सोबत भारक्षमतेचा अहवालही मागा, इंजिनिअरला तो लागेलच.

पाण्याचा बंदोबस्त

जळगाव भागात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस पडतो. दहा मीटर बाय दहा मीटरच्या गच्चीवर याचे ७० हजार लिटर होतात. पन्हाळातून हे पाणी जोत्यालगत पडत असेल, तर चार महिने तुम्ही स्वतःच्या पायाला पाणी पाजता आणि आठ महिने उपाशी ठेवता. पन्हाळ बंद करून ११० मिमीचे पाइप लावा आणि पाणी भिंतीपासून किमान तीन मीटर दूर, गटारीत किंवा पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडा.

मग गळती शोधा. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्यावर खूण करा, सकाळी पाणी खूण सोडून खाली गेले असेल तर लाइन कुठेतरी फुटली आहे. मोरीच्या सांडपाण्याच्या नळाला बाहेरच्या टोकाला बूच मारा, पाणी भरा आणि तासभर पातळी पाहा. जुन्या घरांत मोरीच्या कोपऱ्यातच पाया सर्वांत जास्त बसलेला आढळतो. चिनी मातीचे जुने नळ सांध्यात निसटलेले असतात, ते काढून पीव्हीसी टाका आणि सांध्यांना थोडी लवचीकता ठेवा. शोषखड्डा घराजवळ असेल तर तो बंद करा. काळ्या मातीत पाणी खोल मुरत नाही, ते आडवे पसरत पायापर्यंत येते.

घराभोवती फरसबंदी करायची तर ती अशी:

१. भिंतीपासून दोन मीटर रुंदीत दीड फूट काळी माती काढा.
२. चिकण अंश असलेला, न फुगणारा मुरूम १५० मिमीच्या थरांनी भरा. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमसाने ठोका. नुसती वाळू किंवा मोठी खडी भरू नका. तिच्यात पाणी साचते आणि पायाशेजारी टाकीच तयार होते. न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर काळ्या मातीला दाबून धरतो, हे आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी अभ्यासातून दाखवले आणि कालव्यांच्या कामात ते वापरले गेले.
३. त्यावर २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, सांध्यावर एक फूट चढवून. कागदालाही बाहेरच्या बाजूला उतार हवा.
४. वर ७५ मिमी काँक्रीट किंवा मालात बसवलेली शहाबादी. दोन मीटरला ६५ मिमी उतार. दर दीड-दोन मीटरला सांधा सोडा.
५. भिंत आणि फरसबंदी यांच्यात १२ मिमीची फट ठेवून ती डांबराने भरा. फरसबंदी भिंतीला चिकटवली की ती वर-खाली होताना भिंतीचा गिलावा ओढते.

झाडांविषयी. निंब, पिंपळ, निलगिरी घरापासून स्वतःच्या उंचीइतके दूर हवे. पण जवळ उभे असलेले जुने झाड उठून एका दिवसात तोडू नका. इतकी वर्षे ते मातीतले पाणी शोषत होते. ते गेले की कोरडी माती पुढची दोन-तीन पावसाळे पाणी पिऊन फुगत राहते आणि घराचा तो कोपरा वर उचलला जातो. फांद्या टप्प्याटप्प्याने कमी करा, किंवा झाड आणि घर यांच्यामध्ये दीड-दोन मीटर खोल चर खणून त्यात जाड प्लॅस्टिकचा पडदा उभा करून चर बुजवा.

मळ्यातल्या घरांचा प्रश्न वेगळा. एका अंगाला केळीची बाग बारा महिने ओली, दुसऱ्या अंगाला मोकळे खळे. घर एकीकडून कायम फुगलेल्या आणि दुसरीकडून वाळलेल्या मातीवर उभे राहते. केळीची शेवटची ओळ आणि ठिबकची नळी भिंतीपासून पाच-सहा मीटर मागे घेण्यावाचून इथे इलाज नाही.

पाणी आवरल्यावर पुन्हा एक आखाजी आणि एक पोळा मोजा. बरीच घरे इथेच थांबतात.

टेकू लावणे

पायाला किंवा खांबाला हात लावण्याआधी त्यावरचे वजन दुसरीकडे उतरवायचे असते. त्यासाठी वजनाचा अंदाज हवा. पाच इंची स्लॅब, फरशी आणि वापराचे ओझे मिळून प्रत्येक चौरस मीटरला साधारण ६०० किलो धरा. धाब्याच्या घराला, वर फूटभर माती असेल तर, तेवढेच किंवा जास्त. एका खांबावर ३ × ३.५ मीटरचे छत असेल तर क्षेत्र १०.५ चौरस मीटर, वजन ६.३ टन. वर आणखी मजला असेल तर दुप्पट.

सेंट्रिंगचा लोखंडी जॅक तीन मीटर उंच केल्यावर दीड टनापेक्षा जास्त वजनाला धरू नका, ठेकेदार काहीही सांगो. ६.३ टनांना हिशेबाने पाच लागतात, म्हणून सहा लावा. जॅक बीमच्या दोन्ही बाजूंना, खांबापासून दोन ते अडीच फुटांवर, म्हणजे काम करायला जागा राहील.

जॅकच्या खाली दोन इंच जाड, नऊ इंच रुंद सलग फळी, वरही तशीच. फरशीखाली पोकळ भराव असतो, म्हणून ठोकून पाहा. भद्द आवाज आला तर फरशी काढून घट्ट मातीवर फळी टेका. वरच्या मजल्यावर टेकू असेल तर त्याच्या नेमके खाली खालच्या मजल्यावरही टेकू हवा, नाहीतर मधला स्लॅब फुटतो. जॅकना दोन्ही दिशांनी आडवे पाइप क्लॅम्पने बांधा. स्क्रू हाताने घट्ट झाल्यावर फक्त अर्धा फेरा. टेकूचे काम वजन घेणे आहे, घर उचलणे नाही. मिटलेली भेग पाहायच्या हौसेने जॅक दाबला की भेग तर मिटते, पण वरच्या स्लॅबला नवी पडते.

लाकडी बल्ल्या वापरल्या तर दर सकाळी पाचरी ठोकून पाहा. उन्हात लाकूड वाळते आणि पाचर सैल होते.

पायाखाली नवा पाया

हे काम मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात खड्ड्याच्या कडा ढासळतात. एप्रिल-मेमध्ये माती सर्वांत आकसलेली असते, तेव्हा बसवलेला पाया पावसात वर ढकलला जातो, शिवाय त्या उन्हात काँक्रीट दोन तासांत तडकते. हिवाळ्यात मातीचा ओलावा मध्यावर असतो.

एकत्र लागून घरे असतील, भिंत सामाईक असेल, तर शेजाऱ्याला लेखी कळवा आणि त्याच्या भिंतींचे तारखेसह फोटो आधीच काढून ठेवा. सामाईक भिंतीचा पाया एकट्याच्या बाजूने अर्धा खोल करू नका. भिंत शेजाऱ्याकडे कलते.

भिंत चार-चार फुटांच्या तुकड्यांत वाटा आणि खडूने १ ते ५ आकडे टाका. मग पुन्हा १ पासून सुरुवात. आधी सगळे १ नंबरचे तुकडे खणा, मग ३, मग ५, मग २, शेवटी ४. एका वेळी भिंतीच्या एकूण लांबीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त पाया उघडा राहता कामा नये. मिस्त्री लवकर उरकायला सगळी भिंत एका बाजूने खणायला बघतात. तसे करू दिले तर भिंत खड्ड्यात येते, आणि माणसे खड्ड्यातच असतात.

प्रत्येक तुकड्याची रीत:

१. भिंतीच्या बाहेरून खड्डा घ्या, आत माणूस बसून काम करू शकेल इतका. पाच फुटांपेक्षा खोल गेलात तर बाजूंना फळ्या आणि आडवे टेकू द्या. काढलेली माती कडेपासून किमान चार फूट दूर टाका.
२. जुन्या पायाखालची माती कुदळीने काढा. तळ मुरमापर्यंत किंवा इंजिनिअरने सांगितलेल्या खोलीपर्यंत न्या. तळाशी सुटी माती राहू देऊ नका.
३. जुन्या पायाच्या तळाला चिकटलेली माती, सैल दगड तारेच्या ब्रशने खरवडा.
४. तळाशी ७५ ते १०० मिमी साधे काँक्रीट. दुसऱ्या दिवशी एम-२० प्रतीचे काँक्रीट. शेजारच्या तुकड्यात जाणाऱ्या १२ मिमीच्या सळया दोन्ही बाजूंना दीड फूट बाहेर ठेवा. त्या शेजारच्या मातीत ठोकून बसवाव्या लागतात, पुढचा खड्डा उघडल्यावर मोकळ्या होतात.
५. नवे काँक्रीट जुन्या पायाला भिडवू नका. ७५ मिमी फट ठेवा. काँक्रीट घट्ट होताना थोडे आकसते, भिडवलेले असले तरी बारीक फट पडतेच आणि भिंत तेवढी खाली येते.
६. दोन दिवसांनी ती फट एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू अशा जवळजवळ कोरड्या मालाने भरा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण हात ओला होऊ नये, एवढेच पाणी. लाकडी ठोकळ्याने आडवा ठोकत आतून बाहेर या. या ठोकण्यावर सगळ्या कामाचे यश आहे, म्हणून इथे स्वतः उभे राहा.
७. माल भरल्यावर किमान सात दिवस शेजारचा तुकडा उघडू नका. खड्डा मुरमाने थराथराने ठोकून बुजवा, काढलेली काळी माती परत टाकू नका.

चार फूट लांब, अडीच फूट रुंद, तीन फूट उंच अशा एका तुकड्याला साधारण ०.८५ घनमीटर काँक्रीट लागते. त्याला सिमेंटच्या सात गोण्या, वाळू पाऊण घमेल्याच्या अंदाजाने नव्हे तर मोजून ०.३८ घनमीटर, आणि २० मिमी खडी ०.७५ घनमीटर. पाणी गोणीमागे २५ लिटर, वाळू ओली असेल तर कमी. नदीच्या वाळूत मातकट अंश किती आहे ते काचेच्या बरणीत पाणी घालून हलवून पाहा. बाजारातली चांगली धुतलेली कच, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, त्यापेक्षा कितीतरी बरी.

तापीच्या गाळात मुरूम लागतच नसेल तर खोल खणत बसण्यात अर्थ नाही. तिथे तळाशी फुगा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, हा मार्ग. ही पद्धत रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केली. २५० मिमी व्यासाचे भोक साडेतीन मीटर किंवा जास्त खोल न्यायचे, तळाशी विशेष अवजाराने फुगा कोरायचा. फुग्याचा व्यास दांड्याच्या अडीच पट, म्हणजे ६२५ मिमी. तो हलत्या थराखाली अडकून राहतो आणि वरची माती कितीही फुगली तरी पाइल उचलला जात नाही. भिंतीच्या आतून आणि बाहेरून एकेक पाइल घेऊन त्यांच्यावर भिंतीतून आरपार बीम टाकायचा आणि भिंतीचे ओझे त्यावर घ्यायचे. या बीमखाली ७५ ते ८० मिमी पोकळी सोडणे सक्तीचे आहे. तिथे माती भिडली तर फुगताना ती बीमच उचलते. पाइलची संख्या आणि सळई अनुभवी इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या.

सडलेले आरसीसी कॉलम

जुन्या इमारतींच्या कॉलमचे तळ मोरीच्या किंवा पार्किंगच्या बाजूला फुगून फुटलेले दिसतात. गंजलेली सळई मूळ आकारापेक्षा फुगते आणि वरचे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडते. त्यावर नुसता गिलावा मारणे म्हणजे गंजाला पांघरूण घालणे.

टेकू लावल्यावर सैल काँक्रीट छन्नीने काढा. गंज जिथे संपतो त्याच्या पुढे दोन इंच जा आणि सळईच्या मागे बोट जाईल एवढी जागा, साधारण २५ मिमी, करा. मोठा ब्रेकर लावू नका, बरे काँक्रीटही आतून तडकते. सळई तारेच्या ब्रशने किंवा सँड ब्लास्टिंगने चकचकीत करा आणि कॅलिपरने मोजा. १६ मिमीची सळई १४ मिमी भरली तर तिचे क्षेत्रफळ जवळपास चौथ्या हिश्श्याने घटले आहे, शेजारी नवी सळई हवीच. त्यावर झिंक प्रायमर.

कॉलमच्या भोवती जॅकेट, म्हणजे नव्या काँक्रीटचे वेष्टन, करायचे तर जाडी किमान १०० मिमी आणि काँक्रीटची ताकद जुन्यापेक्षा किमान ५ मेगापास्कल जास्त, असे भारतीय मानक १५९८८ सांगते. कोपऱ्यांत उभ्या सळया, बाहेरून ८ मिमीच्या रिंग, हुक १३५ अंशांत आत वळवलेले. रिंगमधले अंतर १०० मिमीपेक्षा जास्त नको, जॅकेटच्या जाडीइतके.

सर्वांत जास्त चूक फुटिंगजवळ, म्हणजे कॉलमखालच्या रुंद पायाजवळ, होते. उभ्या सळया फरशीवर टेकवून सोडतात. मग जॅकेट हे वजन न घेणारे वेष्टन राहते. फुटिंग उघडे करा, त्यात छिद्रे पाडा, हवेने धूळ काढा आणि सळया केमिकल अँकरने, म्हणजे छिद्रात सळई चिकटवणाऱ्या रसायनाने, बसवा. वरच्या टोकालाही स्लॅबमधून छिद्रे पाडून त्या पुढच्या मजल्यात न्या, किंवा बीममध्ये पक्क्या करा.

जुन्या काँक्रीटला टाचे मारून खडबडीत करा. आदल्या रात्रीपासून भिजवा, भरताना पृष्ठभाग ओला पण पाणी न साचलेला असावा. ९ इंच × १२ इंचाच्या तीन मीटर कॉलमला चारही बाजूंनी १०० मिमी जॅकेट केले तर ०.४४ घनमीटर माल लागतो. इथे मायक्रोकाँक्रीट, म्हणजे पिशवीत तयार मिळणारा वाहता माल, वापरतात. त्याच्या २५ किलोच्या पिशवीतून साधारण साडेबारा लिटर निघते, म्हणजे ३५ पिशव्या. १० मिमीची धुतलेली खडी निम्म्या वजनाने मिसळली तर २६ पिशव्यांत भागते. साच्याच्या फटी सिलिकॉनने बंद करा, कारण हा माल पाण्यासारखा वाहतो. मीटरभर उंचीचे टप्पे करा आणि प्रत्येक टप्पा एकाच बाजूने, न थांबता भरा. गोणपाट गुंडाळून दहा दिवस ओले ठेवा. टेकू २८ दिवसांआधी काढू नका.

धाब्याची घरे आणि लाकडी खांब

इथे खांब सावरण्याआधी डोक्यावरचा भार उतरवा. दर काही वर्षांनी गळती थांबवायला खारी मातीचा नवा थर चढत जातो आणि कित्येक धाब्यांवर मातीची जाडी दीड फुटावर गेलेली असते. ती पाच-सहा इंचांवर आणा. माती दोन्ही बाजूंनी सारखी काढा आणि काढलेली माती धाब्यावरच ढिगाने ठेवू नका.

सागवानी खांब बहुधा वरून ठणठणीत आणि तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, टेकतो तिथे कुजलेला असतो. हातोडीने ठोका. खणखणीत आवाज बरा, पोकळ आवाज वाईट. मग जाड सुई टोचून पाहा. एक इंचापेक्षा जास्त आत गेली तर तेवढा भाग काढायचा. वाळवी, म्हणजे उधई, लागली असेल तर मातीतही औषध सोडावे लागते.

कुज फूटभर असेल तर खांब तिथे कापून खाली काँक्रीटचा किंवा दगडाचा ठोकळा उंच करा. जास्त असेल तर नवे सागवानी लाकूड लप सांध्याने, म्हणजे दोन्ही टोके अर्धी कापून एकमेकांवर चढवून, जोडा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट, आणि १२ मिमीचे किमान चार बोल्ट वॉशरसह, एका रेषेत नव्हे तर आळीपाळीने. लाकूड आणि दगड यांच्यामध्ये गॅल्वनाइज्ड पत्र्याचा तुकडा डांबर लावून ठेवा. खांबाचा तळ सिमेंटमध्ये गाडू नका, ओल आतच अडकते.

दगडी भिंतीला पोट आले असेल तर समजा की आतली आणि बाहेरची पाळ एकमेकींपासून सुटली आहेत, मध्ये फक्त चिखल आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशा भिंतींनीच सर्वाधिक जीव घेतले. उपाय म्हणजे साधारण प्रत्येक चौरस मीटरला एक आरपार बांध: दगड हलके काढून आरपार तीन इंची भोक करा, दोन्ही टोकांना हुक असलेली ८ मिमीची सळई ठेवा आणि काँक्रीट भरा. पोट चार इंचांवर गेले असेल तर तो भाग उतरवून पुन्हा रचणेच सुरक्षित. चिखलात बांधलेल्या भिंतीत दाबाने सिमेंटचे पातळ पाणी सोडू नका, चिखल वाहून जातो.

भेगा बुजवणे

हे सगळे संपल्यावर. पाया सावरल्यानंतर एक आखाजी आणि एक पोळा मोजणीत फरक एक मिमीच्या आत राहिला, तरच विटांच्या भिंतीला टाके घाला. दर चार-पाच थरांना आडव्या दरजेत दीड इंच खोल खाच पाडा, धुवा, ८ मिमीची सळई भेगेच्या दोन्ही बाजूंना किमान दीड फूट जाईल अशी ठेवा आणि न आकसणाऱ्या मालात बुजवा. बारीक भेगा डिसेंबरच्या सुमारास, त्या मध्यम रुंदीच्या असताना, चुना मिसळलेल्या मऊ मालाने भरा. निव्वळ सिमेंट भिंतीपेक्षा कडक होते आणि पुढची भेग शेजारच्या विटेतून जाते.

मोजणीचे स्क्रू काढू नका. रंगाऱ्याला सांगून ठेवा, तो सर्वांत आधी तेच उपटतो. वही वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवली तर पुढच्या आखाजीला सापडते.